पानावर २० पुस्तकं हवीत, दिसतात सात (जॉइन आणि लिमिटचा घोळ)

गावच्या वाचनालयासाठी पीएचपी (वेबसाइटची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) वापरून पुस्तकांची यादी करतोय. टेबलं तीन: पुस्तकं, लेखक आणि दोघांना जोडणारं एक. लेफ्ट जॉइन करून (म्हणजे टेबलं एकमेकांना जोडून) शेवटी 'लिमिट २०' (फक्त २० द्या) लावलं. पहिल्या पानावर पुस्तकं आली जेमतेम सात. दुसऱ्या पानावर एकच, तोही दिवाळी अंक!

घोळ कुठे आहे ते कळलंय. लिमिट पुस्तकं नाही, जॉइननंतरच्या ओळी मोजतं. अंकात ३४ लेखक, म्हणजे ३४ ओळी. काउंटही (एकूण मोजणी) ओळींचाच घेतल्यामुळे २,४०० पुस्तकांची १२० ऐवजी २०५ पानं दिसतात.

मग ग्रुप बाय (एका पुस्तकाच्या ओळींची एक ओळ) आणि ग्रुप कॉनकॅट (त्या ओळींतली नावं एकत्र जोडणं) करून पाहिलं. पानं सुधारली, पण त्याच अंकाची लेखकयादी एका आडनावाच्या मधोमध तुटते. एरर वगैरे काही नाही. शेवटी 'इन'च्या कंसात लिमिटवाली सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) टाकली, तर हे चालत नाही म्हणून एरर.

सगळं आणून पीएचपीत तुकडे पाडायचे नाहीत, होस्टिंग अगदी स्वस्तातलं आहे. काय करू?

प्रतिसाद १:
ग्रुप कॉनकॅटची मर्यादा मुळात १०२४ बाइटची असते. देवनागरीत अक्षर काय, काना-मात्रा काय, प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे साडेतीनशेही मावत नाहीत. सेटिंग बदलून वाढवता येते, पण मी त्या वाटेला जाणार नाही.

तुमची सबक्वेरी बरोबर आहे, जागा चुकली. ती 'इन'मधून काढून 'फ्रॉम'मध्ये टाका आणि तिला एलियास (तात्पुरतं नाव) द्या. आधी नुसत्या पुस्तकांतून २० आयडी, त्यांना मग लेखक जोडा. काउंटही पुस्तकांच्या टेबलावरच घ्या. ऑर्डर बाय (क्रम लावणं) आत आणि बाहेर दोन्हीकडे हवा, आतला क्रम बाहेर टिकेल याची हमी नसते. नोंदीच्या तारखेने लावत असाल तर पुढे आयडीही लिहा. देणगीतली शंभर पुस्तकं एकाच दिवशी चढवली असतील, तर त्यांचा आपसातला क्रम ठरलेला नसतो आणि एकच पुस्तक दोन पानांवर दिसू शकतं.

धागाकर्ता:
जमलं! तारखेचंही अगदी तसंच होत होतं, मला वाटलं कॅश (आधी साठवलेलं जुनं पान). आता एकच अडलंय: लेखकाच्या नावाने शोधलं की अंकाखाली तेवढं एकच नाव उरतं, बाकीचे ३३ गायब.

प्रतिसाद १:
अट बाहेरच्या क्वेरीच्या व्हेअरमध्ये (अटी लिहायचा भाग) लावली असणार. ती आतल्या सबक्वेरीत 'एक्झिस्ट्स'ने (अशी नोंद आहे का, एवढंच तपासणं) लावा. बाहेरच्या जॉइनला हात लावू नका. आणि काउंटलाही तीच अट द्या, नाहीतर पुन्हा १२० पानं दिसतील.