मदत हवी आहे : पाण्याखालचं शूटिंग पार गढूळ येतंय

काठावरची : तापीकाठच्या मासेमार कुटुंबांवर छोटा माहितीपट करतेय. होडीतलं, काठावरचं, बाजारातलं शूटिंग छान झालंय. पण पाण्याखाली कॅमेरा घातला की नुसता चहाच्या रंगाचा पडदा. दिवा लावला तर आणखीच वाईट, पांढरे ठिपके उडतात. कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला, काही हाती लागत नाही. मासा जाळ्यात शिरताना दिसायलाच हवा, मधला सगळा भाग त्यावर उभा आहे. महिनाअखेरीला पहिला कट दाखवायचाय, लवकर सांगा. आणि 'कॅमेरा बदला' सोडून सांगा.

भुसावळी : तापी म्हणजे कुठे? हतनूर, प्रकाशा, सारंगखेडा, की नवापूरकडचं उकाईचं बॅकवॉटर? शूटिंग कधीचं? दिवा कुठे लावला होता?

काठावरची : हतनूर धरणाच्या वरच्या बाजूला. ॲक्शन कॅमेरा आहे, दिवा त्याच्यावरच बसवलाय. पण अडचण पाण्याची आहे, कॅमेऱ्याची नाही.

लेन्सवाला : ताई, ठिपके दिव्यामुळेच येतायत. दिवा लेन्सला चिकटून असला की मधल्या गाळाचा प्रत्येक कण उजळतो आणि उजेड परत लेन्समध्ये येतो. दिवा लांब दांडीवर, बाजूने तिरका धरा. सगळ्यात महत्त्वाचं, जवळ जा. गढूळ पाण्यात मासा आणि लेन्स यांच्यात वीतभर पाणी राहिलं तरच काही दिसतं, म्हणून वाइड अँगल ठेवून जाळ्याला अगदी खेटा.

सातपुडा_पाहुणा : एवढा खटाटोप कशाला? ड्रोन लावा. वरून जाळं पसरताना अप्रतिम दिसतं.

भुसावळी : त्यांनी पाण्याखालचं विचारलंय. शिवाय धरणाजवळ ड्रोन उडवायचा तर आधी ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी 'डिजिटल स्काय' नकाशा बघावा लागतो, पाटबंधारे खात्याकडे परवानगी मागावी लागते. ताई, महिना अजून सांगितला नाहीत.

काठावरची : सप्टेंबर.

भुसावळी : मग स्वच्छ पाणी कसं मिळेल? चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, ती अकोला-बुलढाण्याच्या काळ्या जमिनीतून येते. तो सगळा गाळ हतनूरच्या पोटात. धरणाचे 41 दरवाजे पावसाळ्यात उघडतात तेव्हा पाणी ढवळून निघतं. थंडीत आवक कमी होते, गाळ खाली बसतो. जानेवारीत सकाळी, वारा सुटायच्या आत जा.

काठावरची : जानेवारीपर्यंत थांबता येत नाही.

मत्स्यमित्र : मग काचेची टाकी घ्या. त्यात नदीचंच पाणी एक रात्र निवळू द्या, मच्छीमारांनी धरलेला मासा सोडा, जाळ्याचा तुकडा लावा. मी असंच केलंय, कुणालाही कळलं नाही.

लेन्सवाला : कुणालाही कळलं नाही हेच वाईट. प्रेक्षक नदी समजून बघतोय. टाकी वापरलीत तर पडद्यावर तसं लिहा.

मत्स्यमित्र : मग एडिटिंगमध्ये रंग बदलतो तोही खोटाच म्हणायचा का?

लेन्सवाला : रंग सुधारणं वेगळं, जागा बदलणं वेगळं.

खानदेशी_बोली : निवेदन कुठल्या भाषेत आहे? अहिराणीत करा, माणसं जवळची वाटतील.

भुसावळी : हतनूर भागात लेवा आणि तावडी बोलतात. तिथे अहिराणी आणलीत तर लोक लगेच ओळखतील.

खानदेशी_बोली : दोन्ही खानदेशच्याच बोली. त्यावर वेगळा धागा काढतो.

नदीवेडी : ताई, मला पटतं ते सांगते. गढूळपणा लपवू नका, तोच दाखवा. मासेमारांना तरी खाली कुठे दिसतं? ते हाताला दोरीची ओढ लागली की मासा ओळखतात. मरळ वेगळी ओढते, कटला वेगळा, वाम तर वळवळून. कॅमेरा हातावर ठेवा, मासा वर आल्यावर दिसू द्या. आणि पाणी एवढं गढूळ का, हे पूर्णेच्या मातीपासून सांगा. गाळाने धरणाची साठवण घटते, त्यांच्या पोटाचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

मत्स्यमित्र : छान आहे, पण त्यांना मासा जाळ्यात शिरताना हवाय.

काठावरची : दोरीची ओढ हातावर आधीच शूट झालीय, एका आजोबांची. तिथे आवाजही चांगला आलाय. दिवा बाजूला घेऊन परवा पहाटे पुन्हा उतरतेय. दांडी किती लांब ठेवू?

लेन्सवाला : हाताच्या लांबीपासून सुरुवात करा, ठिपके येत राहिले तर आणखी दूर न्या.

पक्षी_पाहणारा : हिवाळ्यात हतनूरला जाणार असाल तर दुर्बीण घ्या, स्थलांतरित पक्षी भरपूर येतात.