वसंतातला एक दिवस: माळ, झाडी, तलाव. क्रम कसा लावू?

चैत्रपालवी: येत्या रविवारी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत पक्षी बघायचे आहेत. हाताशी माळरान, नदीकाठची झाडी आणि एक तलाव. सोबतचे म्हणतात आधी तलाव, कारण पाहुणी बदकं अजून असतील. मला आधी झाडी हवी. दुर्बीण ८×४२, स्कोप (लांबचं बघायची तिकाटण्यावरची दुर्बीण) नाही.

टिटवीवाला: दोघांचंही राहू द्या, आधी माळ. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा तरळायला लागते, मग धाविक (माळावर जमिनीवरून धावणारा मातकट पक्षी) आणि ढेकूळ सारखंच दिसतं. उजाडतानाच पोचा. चंडोल गात गात वर चढतो, आधी कानांनी शोधा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की आल्या पावली मागे फिरा, अंडी तिथेच कुठेतरी आहेत. फोटोसाठी रेंगाळलात तर ती अंड्यांवर बसत नाही आणि अंडी उन्हात भाजतात. पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार ठेवते बिचारी, तिला आणखी कशाला कामाला लावायचं?

मग झाडी. तिथे हिंडायचं नाही. फुललेला पळस, पांगारा नाहीतर सावर गाठायची आणि बसायचं. सूर्यपक्षी, बुलबुल, कोतवाल सगळे तिथेच येतात. पळसमैनांचा थवा उतरला तर एकीचं कपाळ नीट बघा, परागांनी माखलेलं असतं. थोड्याच दिवसांत त्या मध्य आशियाकडे निघतील. तांबट बोलत असेल तर गळा बघा: चोच मिटलेली, आणि दर 'टुक'ला गळ्याची कातडी फुगते.

तलाव चारनंतर. पश्चिम काठावर उभे राहा, म्हणजे ऊन पाठीशी.

चैत्रपालवी: आणि दुपारी?

पाणकोंबडी: झाडीत एखादं डबकं असेल तर त्याच्यापासून जरा लांब, सावलीत बसून राहा. पाण्यावर कोण कोण येतं ते बघण्यासारखं असतं. तलावावर धोबी पक्षी सोडू नका. हिवाळ्यात डोकं खाजवायला लावणारे पिवळे धोबी आता पिसं बदलतात, नरांच्या डोक्याच्या रंगावरून उपजाती ओळखता येते. चक्रवाक मात्र गृहीत धरू नका, तोवर निघूनही गेले असतील.

रातवा: बाकी पटलं, पण शेवट माळावरच करा. भोवत्या (हिवाळ्यात येणारे शिकारी पक्षी) अजून गेले नसतील तर सूर्यास्ताच्या सुमाराला एकेक करून गवतात उतरतात, रात्र तिथेच जमिनीवर काढतात. लांबूनच बघायचं. अंधारलं की रातवा पक्षी ऐकू येईलच.

टिटवीवाला: तलावापासून माळ जवळ असेल तरच. नाहीतर सगळी संध्याकाळ गाडीत जायची. आणि ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) प्रत्येक जागेची यादी वेगळी टाका. दिवसभराची एकच टाकली तर धाविक तलावावर दिसला की माळावर, कुणाला कळायचं?