एनडीएमुळे (गुप्ततेच्या करारामुळे) काम दाखवता येत नाही, मग डिझाइन इंजिनिअरने स्वतःची ओळख कशी उभी करावी?

टीझिरो_ट्रायल विचारतात:

प्लास्टिक पार्ट डिझाइनमध्ये सात वर्षं झाली, चाकणच्या एका टियर-१ (गाडी कंपनीला थेट पार्ट देणाऱ्या) पुरवठादाराकडे. रोजचं काम कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरवर. लिंक्डइनवर ‘सीनिअर इंजिनिअर’ एवढंच लिहिलंय. आता लीड डिझायनरच्या जागेसाठी प्रयत्न करायचाय. जो तो म्हणतो, ‘पर्सनल ब्रँड तयार कर.’ पण प्रत्येक पार्ट ग्राहकाचा आणि प्रत्येकावर एनडीए. दाखवायचं काय? आणि सध्याच्या कंपनीत बभ्रा होऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यायची?

साचेकाम:

ग्राहकाचा पार्ट, त्याचं ड्रॉइंग, त्याची किंमत हे सगळं गुपितच राहू द्या. पण २.५ मिमीच्या भिंतीमागे २.५ मिमीचीच रिब (आधाराची उभी पट्टी) घातली की दर्शनी बाजूला खड्डा (सिंक मार्क) का पडतो, हे ज्ञान कुणा ग्राहकाच्या मालकीचं नाही. लीडच्या जागेसाठी माणूस शोधणारा नेमकं हेच बघत असतो.

घरातली एक वस्तू घ्या. मिक्सरचं झाकण, स्विचबोर्डची प्लेट, रिमोटचं मागचं कव्हर, काहीही चालेल. व्हर्नियरने मोजा, पुन्हा मॉडेल करा आणि तिच्यात खटकणारी एकच गोष्ट सुधारा. ऑफिसचं कॅटिया यासाठी वापरू नका. लायसन्स कंपनीचं असतं, आणि बऱ्याच करारांत कंपनीच्या साधनांवर केलेलं कामही कंपनीचंच धरलेलं असतं. घरच्या लॅपटॉपवर फ्रीकॅड फुकट आहे आणि एवढ्या कामाला पुरतं.

आता रिबचंच उदाहरण घेऊ. एबीएस प्लास्टिकची भिंत २.५ मिमी असेल तर रिबची जाडी बुडाशी भिंतीच्या ५० ते ६० टक्के, म्हणजे १.२५ ते १.५ मिमी. उंची भिंतीच्या तिपटीच्या आत, म्हणजे ७.५ मिमीपर्यंत. दोन्ही बाजूंना अर्धा अंश ड्राफ्ट (पार्ट साच्यातून सुटावा म्हणून उतार) दिला तर बुडाशी १.५ असलेली रिब माथ्यावर साधारण १.३७ उरते, एक अंश दिला तर १.२४. हा आकडा लिहाच, कारण रिब फार उंच केली की माथा इतका बारीक होतो की माल (वितळलेलं प्लास्टिक) तिथवर पोचत नाही आणि शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेला पार्ट) येतो. सिंक मार्कचं कारण एका वाक्यात सांगा: रिब जिथे भिंतीला मिळते तिथे माल साचतो, उशिरा थंड होतो, आकसतो आणि वरचा पृष्ठभाग आत ओढतो. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) प्लास्टिक जास्त आकसतं, म्हणून तिथे रिब आणखी बारीक ठेवावी लागते.

अशा तीन वस्तूंचा सहा ते आठ पानांचा पीडीएफ करा. प्रत्येक वस्तूला दोन पानं. पहिल्यावर मूळ वस्तूचा फोटो आणि अडचण. दुसऱ्यावर कापलेला सेक्शन, मापं, आणि कोणता पर्याय विचारात घेऊन सोडला, का सोडला. सोडलेला पर्याय फार महत्त्वाचा. बहुतेक पोर्टफोलिओ चकचकीत रेंडरनी (कॉम्प्युटरवर बनवलेल्या चित्रांनी) भरलेले असतात. रेंडरवरून ड्राफ्ट कळत नाही, पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग मिळतात ती रेघ) कळत नाही, स्लायडर (साच्यातला आडवा सरकणारा भाग) लागेल की नाही तेही कळत नाही. डिझाइन हेड सेक्शन बघतो.

पाठवण्यापूर्वी पीडीएफच्या प्रॉपर्टीज उघडून बघा. लेखकाच्या रकान्यात कंपनीचं किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरचं नाव शिल्लक राहतं. स्क्रीनशॉटमधल्या मॉडेल ट्रीमध्ये पार्ट नंबर दिसतो, तोही तपासा.

भरतीखिडकी:

भरती करणाऱ्याच्या बाजूने सांगते. प्रोफाइल कुणी नजर फिरवून शोधत नाही, शब्द टाकून शोधतात. ‘प्लास्टिक पार्ट डिझाइन’, ‘डीएफएम’ (बनवायला सोपं पडेल असं डिझाइन), ‘मोल्डफ्लो’ (साचा कसा भरेल ते दाखवणारं सॉफ्टवेअर), ‘इंटीरियर ट्रिम’ (गाडीच्या आतले दर्शनी पार्ट), ‘कॅटिया व्ही५’, ‘जीडीअँडटी’ (ड्रॉइंगवर मापांची सूट लिहायची पद्धत) असे. यातले जे तुम्हाला खरोखर येतात ते हेडलाइनमध्ये आणि अनुभवाच्या मजकुरात आलेच पाहिजेत. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, ‘अबाउट’ला २,६००. ‘सीनिअर इंजिनिअर’ लिहून तुम्ही त्या शोधातून स्वतःलाच वगळलंय. पोर्टफोलिओचा पीडीएफ ‘फीचर्ड’मध्ये ठेवा.

बभ्रा टाळायला तीन गोष्टी:

प्रोफाइलमध्ये बदल करताना ‘नेटवर्कला कळवा’ हे बटण बंद ठेवा.

‘ओपन टू वर्क’ फक्त रिक्रूटरना दिसेल असं निवडा. फोटोभोवतीची हिरवी चौकट सगळ्यांना दिसते. रिक्रूटरपुरतं ठेवलं की लिंक्डइन तुमच्या कंपनीतल्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न करतं, पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही. धोका परवडत नसेल तर हे बटण वापरूच नका.

सगळे बदल एका रात्रीत करू नका. इतकी वर्षं झोपलेलं प्रोफाइल अचानक झगमगलं की शेजारच्या टेबलाला कळतं. आज हेडलाइन, पंधरा दिवसांनी अबाउट, मग पीडीएफ.

आणखी एक, ज्याकडे चांगले चांगले लोक दुर्लक्ष करतात. रेझ्युमे, लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम आणि पीएफचा सर्व्हिस हिस्टरीचा तक्ता या चारही ठिकाणी रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा जुळल्या पाहिजेत. पार्श्वभूमी तपासणीत यूएएनवरून (पीएफच्या क्रमांकावरून) नोकऱ्या पडताळतात. दोन महिन्यांचा फरक निव्वळ चुकीने पडलेला असतो, पण ऑफर अडकते आणि खुलासे करत बसावं लागतं. नोकरी डॉट कॉमवर उमेदवार शेवटचा कधी सक्रिय होता यावर चाळणी लावता येते, म्हणून महिन्यातून दोनदा तरी लॉगिन करा.

नोंदवही_३:

वरच्या सल्ल्यात एक गोष्ट जोडतो, कारण इथे चूक झाली तर ती परत फिरवता येत नाही. सुधारलेल्या वस्तूत खरोखर नवी कल्पना सापडली, उदाहरणार्थ वेगळ्या पद्धतीचा स्नॅप-फिट (दाबून अडकणारा जोड), तर पोस्ट करायच्या आधी थांबा. १९७० च्या पेटंट कायद्यात अर्जाआधी जगजाहीर झालेली गोष्ट सहसा नवी धरली जात नाही. मोजके अपवाद आहेत, पण हौसेने लिंक्डइनवर टाकलेलं चित्र त्यांत बसत नाही. बाह्य रूपासाठी २००० चा डिझाइन कायदा आहे, तिथेही हेच. आधी अर्ज (पेटंटसाठी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्जही चालतो), मग पोस्ट. आणि नेमणूकपत्रात शोधांच्या मालकीचं कलम काय म्हणतं तेही वाचा, कारण काही कंपन्या घरी लावलेल्या शोधावरही हक्क लिहून घेतात.

माझं ठाम मत असंही आहे की नव्या जागेची शिफारस बऱ्याचदा टूलरूमवाल्याकडून, म्हणजे साचे बनवणाऱ्याकडून येते. भोसरी-चाकणचा टूलरूमवाला एकाच वेळी पाच कंपन्यांचं काम करतो. कुणाचं ड्रॉइंग पहिल्याच ट्रायलला (नव्या साच्याच्या चाचणीला) जमतं आणि कुणाचं टी-३ ट्रायलपर्यंत रखडतं, हे त्याला पाठ असतं. म्हणून ट्रायलला स्वतः उभे राहा. त्याच संध्याकाळी एक पानाचा अहवाल पाठवा: कुठला दोष, पार्टवर कुठे, कुठल्या मशीन सेटिंगला, पुढे काय बदलायचं आणि कुणी. पत्रव्यवहार एनडीएच्या चौकटीतच राहतो, आणि कामाचा माणूस म्हणून नाव फिरतं.

टीझिरो_ट्रायल:

खूप उपयोग झाला. दोन शंका. लिहायचं मराठीत की इंग्रजीत? आणि किती वेळा? हेडलाइन अशी केली आहे: ‘पॅशनेट आणि रिझल्ट-ओरिएंटेड प्लास्टिक डिझाइन एक्स्पर्ट | ७ वर्षं | कॅटिया | इनोव्हेशन’.

साचेकाम:

प्रोफाइल आणि पीडीएफ इंग्रजीत, कारण शोध इंग्रजी शब्दांनी होतो. पोस्ट मराठीत लिहिली तर टूलरूमवाले आणि डिप्लोमाची मुलं वाचतात, तेही हवेतच. पंधरा दिवसांनी एक पुरे. एका पोस्टमध्ये एकच दोष आणि एकच सेक्शन. उघडण्यापूर्वी पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, तेव्हा ‘नमस्कार मित्रांनो’मध्ये त्या घालवू नका, थेट दोषाने सुरुवात करा. लाइक मोजू नका. ‘इथे गेट (माल साच्यात शिरतो ती जागा) कुठे घेतलास?’ असं कुणी विचारलं तर त्याच दिवशी आकड्यासह उत्तर द्या.

हेडलाइनमधून ‘पॅशनेट’, ‘रिझल्ट-ओरिएंटेड’, ‘इनोव्हेशन’ काढा. असे शब्द टाकून कुणी माणूस शोधत नाही. ‘एक्स्पर्ट’ही काढा, तो निर्णय वाचणाऱ्याचा. ‘७ वर्षं’ दरवर्षी बदलावं लागतं आणि अनुभवाच्या तारखांत ते दिसतंच. त्याऐवजी: ‘प्लास्टिक पार्ट डिझाइन | ऑटोमोटिव्ह इंटीरियर ट्रिम | कॅटिया व्ही५ | डीएफएम, टूल ट्रायल, सिंक आणि वॉर्पेज सुधारणा’. वॉर्पेज म्हणजे पार्ट वाकडा होणं. इंटीरियर ट्रिम हे मी गृहीत धरलंय. तुमचं काम लॅम्पचं किंवा बॉनेटखालच्या पार्टचं असेल तर तो शब्द आधी बदला.