इन्चार्ज बदलल्या आणि थकवा वाढला: दोष कोणाचा?

बदलापूर_फास्ट:
मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात अकरा वर्षे परिचारिका आहे. गेल्या वर्षी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर बदलल्या. खाटा तेवढ्याच आहेत, आम्हीही तेवढ्याच आहोत. पण आता सुट्टीच्या दिवशीही मन वॉर्डातच अडकलेले असते आणि रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलताना माझा आवाज कोरडा होतो. नव्या मॅडम ड्युटीची यादी रविवारी संध्याकाळी लावतात, त्यामुळे सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचे की नाइटला, हे घरी पोहोचल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोतून कळते. वरिष्ठांच्या पद्धतीमुळे माणूस इतका खचतो, की माझीच सहनशक्ती कमी पडते आहे?

नर्सिंग_ट्यूटर:
जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात बर्नआउट, म्हणजे कामामुळे पार खचून जाणे, हा आजार नव्हे, तर कामाच्या जागी न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम मानला आहे. मास्लाक आणि जॅक्सन या संशोधकांच्या बर्नआउट मोजण्याच्या १९८१ च्या मापनपट्टीत भावनिक थकवा, माणसांविषयीचा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही चांगले होत नाही ही भावना, अशा तीन बाजू आहेत. तुमचा कोरडा आवाज त्यांतलाच. बर्नार्ड बॅस यांनी नेतृत्वाच्या पद्धती मांडताना एक प्रकार सांगितला आहे, ज्यात वरिष्ठ एरवी गप्प असतात आणि चूक झाली की तेवढ्यापुरते पुढे येतात. आपल्याकडे त्याला ‘मेमो देणाऱ्या मॅडम’ म्हणतात! अशा वरिष्ठांच्या हाताखाली माणूस सतत धास्तावलेला राहतो.

निवृत्त_परिसेविका:
सगळे इन्चार्जच्या माथी मारू नका. लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अमेरिकी अभ्यासात एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली होती, आणि आपल्या वॉर्डात तर जमिनीवरही गाद्या असतात. त्यातच ऐन वेळी मेट्रनच्या कार्यालयातून ‘एक सिस्टर आयसीयूला पाठवा’ असा फोन आला, की आठवड्याची यादी कोलमडते. तरीही यादी उशिरा लावण्याचे समर्थन मी करणार नाही. मी गुरुवारी पेन्सिलीने यादी लिहून टेबलावर ठेवत असे, मुली आपापसांत ड्युट्या बदलून घेत आणि शुक्रवारी मी ती शाईने पक्की करी. त्यासाठी एकही जादा माणूस लागला नाही.

बदलापूर_फास्ट:
पेन्सिलीची पद्धत सुचवून पाहते. मागे एकटीने विचारले, तर लागोपाठ नाइट लागल्या. यावेळी आम्ही सहाजणी मिळून जाऊ.