आफ्रिकेत नदीकाठी टाकलेला तंबू: तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करतो. नामिबियात विंडहुकहून काटिमा मुलिलोकडे जाताना दिवुंडूपाशी डांबरी रस्ता सोडला. रेतीत गाडी दोनदा रुतली. पाटी चुकली म्हणून आमचं भांडण जुंपणार, तेवढ्यात झाडी संपली आणि समोर ओकावांगो. अंगोलात उगम पावून नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडते आणि समुद्राला न मिळता बोट्स्वानात जिरून जाते, ती ही नदी. आठ दिवस नुसती वाळू बघितलेली. बायको खुंट्या ठोकायच्या टाकून काठावर जाऊन बसली ती अंधार पडेपर्यंत. पोहायला नदीतच जाळीचा पिंजरा सोडलाय. माणूस आत, मगर बाहेर! मी पाय भिजवले, तेवढं पुरे झालं. तुम्हाला सापडलेल्या जागा सांगा.

*

माझं जिंजा, युगांडा. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल निघते तिथून जवळच. बारा जणांच्या खोलीत वरचा बंक मिळाला, पण उशाच्या खिडकीतून खाली नदी दिसायची. एकटीच होते, तीन दिवसांचे सहा कधी झाले कळलं नाही. सकाळी फाटकाबाहेर टपरीवर 'रोलेक्स'. घड्याळ नव्हे हो, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट! तव्यावर चपाती शेकणाऱ्या पोराला मी सांगितलं, ही आमच्याकडची. त्याला अजिबात पटलं नाही. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथेच विसर्जित केला होता, तिथे पुतळाही आहे. जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्या.

*

झांबियात लुआंग्वाच्या काठी राहिलोय. तंबूत फळं ठेवायची नाहीत, हत्ती वासावर येतात, हे पोचल्या पोचल्या बजावलं. लाडवांबद्दल कोणी बोललं नव्हतं. सासूबाईंनी दिलेला मेथीच्या लाडवांचा डबा माकडाने पळवला, फांदीवर बसून उघडला, एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि लाडू खाली टाकून दिला. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

रात्री मात्र हसू पळालं. पाणघोडे चरायला काठावर येतात. तंबूच्या कापडापलीकडे गवत उपटल्याचा कर्र-कर्र आवाज, मग एक लांब सुस्कारा. लघवीला जायचं तर टॉर्च हलवून रखवालदाराला बोलवायचं असा नियम. मी सकाळपर्यंत कळ काढली.

*

वरचं सगळं छान, पण पाणी संथ दिसलं म्हणून उतरू नका. मगरी नसल्या तरी बिलहार्झिया असतो, म्हणजे पाण्यातल्या गोगलगाईंमार्फत पसरणारा परजीवींचा आजार. आणि मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. आमच्यातल्या एकाने मध्येच सोडल्या, तो पुण्यात येऊन आठवडाभर ॲडमिट होता.

*

ऑरेंज नदीकाठी, नामिबियाच्या बाजूला कोणी तंबूत राहिलंय का? जूनमध्ये जातोय, सोबत आई आहे, वय ६८. रात्री थंडी कितपत असते?