रस्त्यावरच्या पोलीस कारवाईचं चित्रीकरण: नागरिकांचा हक्क की कामात अडथळा?

पांथस्थ

नाकाबंदीत कुणी मोबाइल काढला की ऐकू येतं, "शूटिंग बंद करा, नाहीतर गुन्हा दाखल करीन." कोणत्या कलमाखाली, ते मात्र सांगितलं जात नाही. सार्वजनिक जागी कर्तव्यावर असलेल्या पोलिसाचं नुसतं चित्रीकरण करणं हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही, हे ठणकावून सांगायची वेळ आली आहे.

बऱ्याचदा धाक घातला जातो तो 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याचा. त्यातल्या कलम 2(8) मध्ये 'प्रतिबंधित ठिकाण' म्हणजे काय ते दिलं आहे आणि त्यात पोलीस ठाणं नाही. वर्ध्याच्या एका प्रकरणात ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये तो रद्द केला. 2024 मध्ये औरंगाबाद खंडपीठानेही ठाण्यातल्या संभाषणाच्या रेकॉर्डिंगबाबत हीच भूमिका घेतली. ठाण्याच्या आत जे कलम टिकत नाही, ते भर चौकात कसं टिकेल?

ठाणेअंमलदार

असहमत. या निकालांतून तुम्ही जरा जास्तच काढताय. ठाणं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही आणि म्हणून तो कायदा लागत नाही, एवढंच तिथे ठरलं. 'चित्रीकरणाचा हक्क' असं स्वतंत्र काही त्यातून येत नाही. संविधानातलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य, म्हणजे अनुच्छेद 19(1)(अ) म्हणाल, तर 19(2) चे निर्बंधही सोबत येतात.

आता रस्त्यावरचं बघा. नाकाबंदीला एकजण कागद तपासतो, दुसऱ्याची नजर गाडीतल्यांच्या हातांवर असते. अशा वेळी कुणी फूटभर अंतरावरून मोबाइल तोंडासमोर धरला की ती नजर हलते. दुसरं नुकसान तपासाचं. संशयिताला पकडतानाचा चेहरा तासाभरात सगळीकडे फिरला की ओळख परेडीला, म्हणजे साक्षीदाराने अनेकांतून संशयिताला ओळखण्याला, काही किंमत राहत नाही. साक्षीदाराने माणूस घटनास्थळी पाहिला की मोबाइलवर, हा बचाव पक्षाचा पहिला प्रश्न असतो. तिसरं, पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे आणि मूल असेल तर पॉक्सोचं (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं) कलम 23 आहे. थेट प्रक्षेपण करणाऱ्याला फ्रेममध्ये कोण येतंय याचं भानही नसतं. 26/11 च्या वेळी वाहिन्यांनी केलेल्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या कसाब निकालात कडक ताशेरे ओढले होते, ते उगाच नाही.

कोर्टनाका

ठाणेअंमलदार, ओळख परेडीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो व्हिडिओ पसरवण्याविरुद्ध आहे, काढण्याविरुद्ध नाही. ही दोन वेगळी कृत्यं आहेत आणि रस्त्यावर अडवलं जातं ते काढणाऱ्यालाच.

प्रत्यक्षात लागतात ती कलमं दोन, त्यातला फरक समजून घ्या. न्याय संहितेचं कलम 221, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं 186: लोकसेवकाच्या कामात जाणूनबुजून अडथळा, 3 महिन्यांपर्यंत कैद. कलम 132, म्हणजे जुनं 353: त्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर, 2 वर्षांपर्यंत कैद आणि अजामीनपात्र. 221 ची दखल घ्यायला न्यायालयाला संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, कलम 215). 132 ला ही अट नाही. म्हणून नुसत्या चित्रीकरणाच्या प्रकरणातही फिर्यादीत "धक्काबुक्की केली" हे वाक्य घुसतं आणि माणूस अटकपूर्व जामिनासाठी धावतो. कुणाला हात न लावता चार-पाच पावलांवर उभं राहणं हे बळ नव्हे. उलट पोलिसाचा हात झटकलात, बॅरिकेड ओलांडलंत किंवा "बाजूला व्हा" म्हटल्यावर जागीच वाद घालत बसलात, तर तुमचाच व्हिडिओ तुमच्याविरुद्ध वाचला जातो. अंतर मागितलं तर मागे सरका, रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि "मी मागे सरकलोय" हे मोठ्याने बोला, म्हणजे तेही रेकॉर्ड होतं.

मुद्देमाल

बहुतेक व्हिडिओ वाया जातात ते नंतरच्या हाताळणीमुळे, त्यावर कुणी बोलतच नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की फाइल दाबून लहान केली जाते, तारीख-वेळेची मूळ माहिती जाते आणि हॅश (फाइलवरून काढलेला, तिचा ठसा असावा असा अंक-अक्षरांचा संच) बदलते. साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र दोन भागांत असतं: भाग 'अ' साधन वापरणाऱ्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश लिहावी लागते. असं प्रमाणपत्र टाळता येत नाही, हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब बाबत सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात पक्कं केलं. तेव्हा मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्या. ट्रिम नको, मजकूर नको, संगीत तर मुळीच नको. प्रत पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. त्याच दिवशी हॅश काढून लिहून ठेवा.

चित्रीकरण आडवं आणि सलग करा. सुरुवातीला जागेची पाटी आणि वेळ घ्या, मग नावपट्टी. अटक करणाऱ्याची नावपट्टी स्पष्ट दिसली पाहिजे असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 36 च म्हणतं. 1080 च्या दर्जात मिनिटाला साधारण 100 ते 130 एमबी लागतात, 4के घेतलंत तर ऐन वेळी जागा संपते. फोन बोटाने किंवा चेहऱ्याने उघडत असेल तर ते आधीच बंद करून आकडी कुलूप ठेवा.

"डिलीट कर" असं फर्मावायचा अधिकार पोलिसांना नाही. तरीही डिलीट झालंच, तर फोन वापरणं थांबवा आणि कचरापेटी बघा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप नसलेली फाइल 30 दिवस तिथे राहते.

फोन जप्त करत असतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली पंचनामा मागा. त्यात आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, असू द्या (*#06# दाबलं की दिसतो), सीलची नोंद असू द्या, आणि प्रत घ्या. फोन परत मिळवायला न्यायालयात त्याच संहितेच्या कलम 503 खाली अर्ज करून सुपूर्तनाम्यावर (मागितल्यास हजर करण्याच्या हमीवर) घेता येतो.

ठाणेअंमलदार

मुद्देमाल यांचा प्रतिसाद उपयोगी आहे. पण एक बाजू राहते. व्हिडिओत दिसणारा हवालदार वसाहतीत राहतो, त्याची मुलं तिथल्या शाळेत जातात. वीस सेकंदांचा तुकडा कापून नाव-पत्त्यासकट फिरवला की चौकशीत तो निर्दोष ठरूनही उपयोग नसतो. तपासणी व जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 खाली पोलिसांनीच करायचं आहे, त्यासाठी ई-साक्ष्य अ‍ॅप आहे, ठाण्यांत सीसीटीव्ही आहेत. मग प्रत्येकाने समांतर शूटिंग कशाला करायचं?

कोर्टनाका

कारण ती यंत्रणा कारवाई करणाऱ्याच्याच हातात असते. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालाने ठाण्यांत आवाजासह सीसीटीव्ही आणि 18 महिन्यांचा साठा सांगितला, ते जमत नसेल तर निदान 1 वर्षाचा. पण तो ठाण्यापुरता. कलम 105 झडती-जप्तीपुरतं. नाक्यावर पावतीविना पैसे मागितले किंवा काठी चालवली, तर या दोन्हींत काहीच सापडत नाही. तुकडा कापून बदनामी केली तर त्यासाठी न्याय संहितेचं कलम 356 आहेच.

पांथस्थ

मग केरळसारखी तरतूद करायला काय हरकत आहे? तिथल्या 2011 च्या पोलीस कायद्यात कलम 33(2) आहे: पोलीस कारवाईचं कायदेशीर चित्रीकरण करणाऱ्या नागरिकाला पोलिसाने अडवू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 मध्ये असं कलम घाला, आणि त्यातच कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणाला मनाई करा.

ठाणेअंमलदार

थेट प्रक्षेपणाची मनाई आणि पावलांत मोजलेलं अंतर, दोन्ही कलमातच लिहिलेलं असेल तर माझा विरोध नाही. अंतर पोलिसाच्या मर्जीवर सोडलंत तर भांडण पुन्हा नाक्यावरच होणार.