गहू बंद असलेली भाची, तुळजापूरचं दर्शन आणि कपड्यांची खलबतं : मदत हवी आहे

पाटावरवंटा

मंडळी, प्रश्न दोन आहेत, पण प्रवास एकच आहे म्हणून एकाच धाग्यात विचारते.

बहीण, तिचा नवरा आणि सोळा वर्षांची लेक डिसेंबरअखेर आयर्लंडहून पुण्याला येताहेत. कुळाचार बरीच वर्षं राहिलाय, तो या वेळी करायचाच असं आईने जाहीर केलंय. तुळजापूर, तिथून अक्कलकोट आणि येताना पंढरपूर. टेम्पो ट्रॅव्हलर सांगून ठेवली आहे. बरोबर आई, दोन्ही मावश्या, माझ्या सासूबाई आणि एक काका. म्हणजे गाडीत मतांची टंचाई नाही.

भाचीला सिलिॲक आहे, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन तिच्या आतड्याला बाधतं. रक्त तपासून, एंडोस्कोपी करून पक्कं झालेलं निदान आहे, वजन कमी करायचं खूळ नाही. गहू, जव, राय कायमचे बंद. पोळीला लागलेला चमचा भातात घातला तरी तिला पुरतो, मग उलट्या, पोटदुखी आणि अंथरूण.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चाललंय ते ऐका. मोठी मावशी म्हणते, "देवीचा प्रसाद बाधत नाही, चिमूटभर शिऱ्याने काय होतंय!" आणि हीच मावशी पोरीच्या प्रत्येक कुर्त्याचा फोटो मागवून घेतेय. बाही कोपराखाली हवी, कट फार वर नको, लेगिंग नको सलवारच हवी. बाही दोन बोटं आखूड झाली तर कुणाच्या पोटात दुखणार आहे? तिथे सगळे टेप घेऊन बसलेत. आणि जिथे खरोखर पोटात दुखणार आहे, तिथे सगळ्यांचं "चालतंय गं, एवढं काय!" मी वाद घालून थकले.

तर विचारायचं असं :

पुजाऱ्यांच्या घरी पुरणपोळीचा नैवेद्य असतो आणि भाचीला कुमारिका म्हणून पानावर बसवायचं ठरलंय. पानातलं तिने काय खावं, काय टाळावं? वाटेत काय मिळतं? सोलापूर भागात भाकरी मिळतेच, पण ती तिला बिनघोर चालेल का?

आणि तुळजापूरला कपड्यांचा नियम खरंच आहे की ऐकीव? पोरगी जीन्स आणि लांब बाह्यांचा टीशर्ट घालते. भावजींकडे चांगल्या पँटी आहेत, पण ते डिसेंबरातसुद्धा अर्ध्या चड्डीत फिरतात.

उपदेश नको, अनुभव हवेत. (उपदेशाला मावश्या आहेत.)

---

सोलापुरी_चादर

आधी देवीचं. मे २०२३ मध्ये तुळजापूरच्या देवळात फलक लागले होते : तोकडे कपडे, बर्म्युडा घालून आत प्रवेश नाही. त्यावर इतका गदारोळ झाला की फलक त्याच दिवशी काढले. जीन्स-टीशर्टवाली पोरं-पोरी दर्शन घेऊन येतात, मी दर वेळी बघतो. भावजींना मात्र पँट घालायला लावा. नियमासाठी नव्हे, तुमच्या आईसाठी.

मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. पौषात शाकंभरी नवरात्र असतं, तुमच्या तारखा त्यात येत नाहीत ना, हे पंचांगात बघून घ्या. गर्दीच्या दिवशी रांगेत तासन्‌तास जातात, आणि पोरीला रांगेत खाण्यासारखं काही मिळणार नाही. पिशवीत राजगिऱ्याच्या वड्या, शेंगदाणे, केळी ठेवा.

भाकरीचं म्हणाल तर सोलापुरात कडक भाकरी मिळते. वाळवलेली, पापडासारखी, पाकिटातून. कित्येक दिवस टिकते. शेंगाची चटणी आणि दही बरोबर असलं की जेवणाची चिंता मिटली.

---

रात्रपाळी

मी आहारतज्ज्ञ आहे आणि घरातही एक सिलिॲक पेशंट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांत ग्लुटेन नाही. घोटाळा होतो तो गिरणीत. तुमच्या ज्वारीच्या आधी कुणाचे गहू दळले असतील तर जात्यात अडकलेलं ते पीठ तुमच्या डब्यात येतं. आपल्याकडे 'ग्लुटेन फ्री' लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, यावरून ओळखा किती कमीची गोष्ट आहे. पुण्याहून निघताना घरघंटीवर दळलेलं पीठ बरोबर घ्या, आणि ज्या घरघंटीत गहू कधी गेलेच नाहीत अशीच शोधा. कडक भाकरीचं पाकीट घेतानाही विचारा : नुसती ज्वारी आहे का, आणि त्याच परातीत पोळ्यांची कणीक मळतात का?

लोकांना रवा, मैदा, शेवया, लापशी कळतात. न कळणारे गहू वेगळेच. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. मेतकुटात मूठभर गहू असतो. आपल्याकडचं सातूचं पीठ म्हणजे गहू आणि डाळं. धपाट्यांत ज्वारीबरोबर कणीक घालतात. आणि सगळ्यात बिलंदर हिंग. बाजारातला बांधानी हिंग बहुधा मैद्यात नाहीतर तांदळाच्या पिठात कालवलेला असतो, डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. वरण, आमटी, कढी, पापड, ताक, सगळीकडे तो पोचतो.

आता नैवेद्याचं पान. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि गूळ, त्यात गव्हाचा काही संबंध नाही. पोळ्या लाटायला बसण्यापूर्वी तिच्यासाठी वाटीभर पुरण बाजूला काढायला सांगा, वरून साजूक तूप. भात तसाच आधी काढायचा. कटाची आमटी हिंगाची असते, ती नको. भजी निव्वळ बेसनाची असली तरी कढईत आधी कुरडया किंवा करंज्या तळल्या असतील तर तीही नकोत. कुरडई गव्हाच्या चिकाची, हे आपल्याला माहीत असतं, भावजींना नसेल.

---

तिरका_डोळा

आमच्या लहानपणी कुणाला हे ग्लुटेन बिटेन नव्हतं. खपली गहू खायला घाला, तो जुना आणि पचायला हलका असतो, त्याने काही होत नाही. आणि एका दिवसासाठी अंगभर कपडे घातले तर मुलीचं स्वातंत्र्य धोक्यात येत नाही. देवळात जायचं तर देवळाच्या रीतीने जावं.

---

रात्रपाळी

@तिरका_डोळा, खपली हलका लागत असेल तुम्हाला, पण गहूच तो. ग्लुटेन त्यातही आहे. सिलिॲकवाल्याला खपलीची खीर दिली तर त्याची अवस्था साध्या गव्हाच्या खिरीने होते तितकीच वाईट होईल. हा सल्ला कृपया दुसऱ्या कुणाला देऊ नका.

लहानपणी नव्हतं म्हणता, तर तेव्हा अशा मुलांना "अंगी लागत नाही" म्हणत आणि जंताचं औषध देत. आजार होता, नाव नव्हतं.

---

सोलापुरी_चादर

कपड्यांबाबत तिरकेबुवांशी अर्धा सहमत. रीत असावी, पण ती आधी लिहून सांगितलेली असावी. वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांनी शर्ट-बनियन काढून, चामड्याचा पट्टा बाहेर ठेवून जायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी कुरकुर करत नाही. मुंबईच्या सिद्धिविनायकाने जानेवारी २०२५ मध्ये सांगून टाकलं : फाटक्या जीन्स, तोकडे स्कर्ट नकोत. पटो न पटो, माणूस घरून निघतानाच ठरवू शकतो. 'सभ्य पोशाख' एवढंच लिहिलं की मग दारावरचा माणूस ठरवतो, आणि त्याची नजर बायकांवरच जास्त पडते.

---

मोगऱ्याचा_गजरा

डिसेंबर २०२० मध्ये शिर्डीत 'भारतीय संस्कृतीला साजेसे कपडे घाला' अशा आवाहनाचे फलक लागले होते, तेव्हा आमच्या घरात याच विषयावर महाभारत झालं. सासरे म्हणाले आवाहन आहे, सक्ती नाही. नणंद म्हणाली, आवाहनाच्या फलकाखाली काठीवाला उभा असला की त्याला काय म्हणायचं? अजून निकाल लागलेला नाही.

व्यवहाराचं सांगते. एक मोठी सुती ओढणी बॅगेत टाका. डिसेंबरात पहाटे अंगावर घ्यायला होते, दुपारी डोक्यावर, आणि कुणी काही बोललं तर खांद्यावर. सैल सुती कुर्ता जीन्सवर छान दिसतो. पोरीला आधी फोन करून तिलाच विचारा. माझी मुलगी नऊवारीसाठी हटून बसली होती आणि आम्ही उगाच लेगिंगवरून भांडत होतो.

---

गावठी_गुळ

हॉटेलात 'ग्लुटेन' म्हणू नका, वेटर मान डोलावतो आणि मागून रोटी आणतो. "दवाखान्याचं पथ्य आहे, गहू-मैदा-रवा लागलेलं भांडंसुद्धा नको" असं सांगा. पथ्य म्हटलं की आचारी स्वतः बाहेर येतो.

दुसरी युक्ती उपासाची. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी : यात गहूही नाही आणि हिंगही नाही. आणि उपासाचं म्हटलं की बऱ्याच ठिकाणी पातेलं, झारा आपोआप वेगळे होतात. जे तब्येतीसाठी करत नाहीत ते विटाळासाठी करतात. फक्त साबुदाणे वडा नको, तो समोशाच्याच तेलात पोहतो.

अक्कलकोटच्या अन्नछत्रात पंगत मोठी असते. वाढपी पोळी वाढलेल्याच हाताने भात वाढतो, त्याला दोष देता येत नाही. पोरीला गाडीतच जेवू घाला आणि मग नुसती दर्शनाला न्या. पंढरपूरला चिंता कमी, प्रसाद चुरमुरे-बत्ताशांचा, तोही दुकानातून बंद पाकिटातला घ्या.

आणि डिसेंबरअखेर म्हणजे हुरडा! सोलापूरच्या आसपास कुणाच्या शेतावर सोय झाली तर पोरीला जगातलं सगळ्यात चांगलं बिनगव्हाचं जेवण मिळेल. कोवळी ज्वारी, गिरणीचा संबंधच नाही.

---

तिरका_डोळा

खपलीचं माहीत नव्हतं. बाकी मुद्दे कायम.

---

रात्रपाळी

@पाटावरवंटा, एक राहिलं. सिलिॲक घराण्यात चालतो. सख्ख्या नात्यात असण्याची शक्यता साधारण दहात एक इतकी असते, म्हणून तुमच्या बहिणीने आणि भावजींनी टीटीजीची रक्ततपासणी केली नसेल तर करून घ्यावी. ती गहू खाणं चालू असतानाच करायची. आधीच बंद केला तर तपासणीत काही दिसत नाही.

---

पाटावरवंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. मेतकूट आणि हिंग वाचून स्वयंपाकघरातल्या डब्या काढून बसले. हिंगाच्या डबीवर 'गव्हाचं पीठ' आहेच. मेतकूट घरचं, आईला विचारलं तर म्हणाली, "घालतेच की मूठभर, त्याशिवाय चव येते का?"

ठरलं ते असं. घरघंटी शेजारणीची, तिने नाचणी-तांदळाखेरीज काही दळलेलं नाही. तवा, परात, उलथनं नवं घेतेय, तिघांवर लाल रंगाचा ठिपका. पुजारीकाकूंना फोन केला, पुरण-भात आधी काढून ठेवायला त्यांनी एका वाक्यात होकार दिला आणि हिंगाशिवाय वेगळी आमटी करते म्हणाल्या. मी मावशांना घाबरत होते आणि काकूंनी विचारलंसुद्धा नाही की एवढं काय होतंय.

भाचीशी बोलले. ती म्हणाली, "मावशी, मला साडी नेसव, पण माझं ताट मीच वाढून घेणार." मोठ्या मावशीला पहिलं ऐकून इतका आनंद झाला की दुसऱ्यावर तिने वाद घातला नाही. भावजींच्या पँटीची जबाबदारी काकांवर.

शाकंभरी नवरात्राच्या तारखा बघून दोन दिवस अलीकडे सरकवलंय. आता एकच हवंय : सोलापुरात नुसत्या ज्वारीची कडक भाकरी, पोळ्या न होणाऱ्या घरातून, कुणी करून देत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि हुरड्याचंही.

---

सोलापुरी_चादर

व्यनि केलाय. हुरड्याला किती माणसं ते कळवा, शेतावर आधी सांगावं लागतं.